भट्टीवाल्या काकांची पाच मिनिटं

सध्या मी कारखान्यात झाकणं लावते. पट्ट्यावरून पीनट बटरची बरणी येते, तिच्यावर झाकण ठेवायचं, पिरगळायचं, पुढे ढकलायची. दीड वर्षापूर्वीपर्यंत याच कारखान्यात मला वेगळी खोली होती, पांढरा कोट होता आणि सगळे मला नाकबाई म्हणायचे. झाकणांवर कशी आले ते सांगायचं तर भट्टीवाल्या काकांचं सांगावं लागेल. खरं म्हणजे त्यांचंच सांगायचं आहे. माझं त्यात जेवढं येतं तेवढं मान खाली घालूनच येतं.

काका भट्टीवर छत्तीस वर्षं होते. बुटके, रुंद खांद्यांचे, कानांवर केसांचे झुपके, आणि बोलणं इतकं कमी की शब्दांना पैसे पडतात की काय असं वाटावं. आमची भट्टी म्हणजे आडवं फिरणारं लोखंडी पिंप. एका घाण्याला त्यात तीन पोती दाणे बसायचे. पिंपावर तापमान दाखवणारा काटा होता, पण काका त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. काटा पिंपाचा ताप सांगतो, दाण्याचा सांगत नाही, असं ते म्हणायचे. ते ऐकायचे. कच्चा दाणा पिंपात दबका आपटतो, भाजत आला की त्याचा आवाज सुका होतो, खडखडायला लागतो. काका मान तिरकी करून, डोळे मिटून तो आवाज ऐकत उभे असायचे आणि नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा उभ्या उभ्या डुलक्या काढतोय. भट्टीजवळ कुणी शीळ घातली तर मात्र त्याची खैर नसायची. त्या खोलीत त्यांनी खुर्ची म्हणून ठेवू दिली नव्हती.

घाणा होत आला की लांब दांड्याच्या पळीने चार दाणे काढायचे, कढत कढत तळहातावर घ्यायचे आणि माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. बशी नाही, वाटी नाही. "बाई, उतरवू का?" एवढंच विचारायचे. मी एक दाणा तोंडात टाकायची, एक चिमटीत फोडून नाकाशी धरायची आणि "उतरवा" म्हणायची. अकरा वर्षांत "अजून थोडं" म्हणायची वेळ फार तर वीसदा आली असेल. माझ्या होकाराची त्यांना काडीची गरज नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी विचारल्याशिवाय त्यांनी एकही घाणा उतरवला नाही. भाजणाऱ्याला स्वतःचा दाणा नेहमी चांगलाच लागतो, म्हणून दुसऱ्याने सांगावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझं दुसरं काम कच्च्या मालाचं. गाडी आली की पोत्यांत पोकळ सळई खुपसून दाणे काढायचे, फोडायचे, हुंगायचे, चावायचे. माल चांगला असेल तर पोत्याला हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल. हिरवी चिठ्ठी लागली की भट्टीवाल्याने पोत्यात नाक घालायचं नाही, असा मालकीणबाईंच्या वडिलांच्या काळापासूनचा नियम होता. कधीतरी चाखणारा आणि भाजणारा यांची मालावरून जुंपली होती आणि दोन दिवस काम बंद पडलं होतं, तेव्हाचा. काकांनी तो नियम कधी मोडला नाही.

मग ते महागाईचं वर्ष आलं. आमच्या खरेदीवाल्याने एकदा टेबलावर चहाचे कप मांडून मला जगाचा बाजार समजावून सांगितला. हा कप म्हणजे एक देश, इथे पाऊसच पडला नाही. हा दुसरा, इथल्या सरकारने दाणे बाहेर पाठवायला बंदी घातली. हा तिसरा, इथल्या लोकांनी शेंगा सोडून दुसरंच पीक लावलं. आणि ही किटली म्हणजे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ते मिळेल तिथून मिळेल तेवढं उचलतंय. मी म्हटलं, निदान तिकडचा शेतकरी तरी खुशीत असेल, एवढा भाव चढलाय तर. तो म्हणाला, बाई, भाव चढला कारण त्याच्या हातात पीकच नाही, खुशीत कशाला असेल? तोपर्यंत मला वाटायचं शेंगदाणा म्हणजे पोत्यातून येणारी वस्तू.

आमच्या बरणीचा भाव त्या वर्षात दोनदा वाढला. तिसऱ्यांदा वाढवायची हिंमत होईना म्हणून मालकीणबाईंनी बरणीच बदलली. बाहेरून तेवढीच, पण तळ आत ढकललेला, अगदी अंगठा मावेल एवढा. मी तोंडाची फटकळ, मी सगळ्यांसमोर म्हटलं की आता आपण लोकांना खड्डा विकतोय. मालकीणबाई हसल्या नाहीत. काका हसले, पण पाठ फिरवून.

त्याच हंगामात मला ताप आला. आठ दिवस अंथरुणात होते. ताप उतरला, चोंदलेलं नाक मोकळं झालं, पण वास काही परत आला नाही. मला ते कळलं दुधामुळे. मी ओट्याशी भाजी निवडत उभी, शेजारी दूध उतू जाऊन करपतंय, आणि मला पत्ता नाही. लेक बाहेरच्या खोलीतून धावत आली. आई, तुला वास येत नाही का, म्हणाली. लक्ष नव्हतं म्हटलं. ती कामावर गेल्यावर मी घरातला एकेक डबा उघडून पाहिला. कॉफी, साबण, शेवटी फिनेल. फिनेलने डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. जिभेला गोड, खारट, कडू एवढं कळायचं, बाकी सगळा लाकडाचा भुसा.

डॉक्टर म्हणाले, आपोआप येईल, काही आठवडे लागतील किंवा काही महिने. मी ठरवलं की पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. मग दर पंधरा दिवसांनी तेच ठरवत राहिले. नाकबाईचं नाक गेलं तर मागे उरते नुसती बाई, आणि नुसत्या बाया कारखान्यात पुष्कळ होत्या, झाकणं लावत होत्या. त्यांच्यासमोरून पांढरा कोट घालून रोज जाताना मी काय तोऱ्यात जायची! तो तोरा सोडवेना. कारण हवं असेल तर हे एवढंच कारण आहे. घरात काही उपासमार नव्हती.

भाजलेल्या दाण्याचं मी निभावून नेलं, तेही काकांच्या जिवावर. त्यांच्या उजव्या भुवईला एक खोड होती. दाणा झाला असला की ती खाली, जरा कच्चा असला की वर. मी दाणा नाकाशी धरून श्वास घेतल्याचं नाटक करायची आणि त्यांच्या भुवईकडे बघून "उतरवा" म्हणायची. ते विचारायचे मला आणि मी सांगायची त्यांचंच त्यांना. कच्च्या मालाला मात्र भुवई नव्हती.

अशात खरेदीवाल्याने समुद्रापलीकडून माल मिळवला. बाजारापेक्षा बराच स्वस्त. बंदरात दोन महिने उन्हात पडून होता, पण कागदपत्रं ठीक होती. पोती लाल दोऱ्याने हाताने शिवलेली, टाके इतके बारीक की कुणीतरी मन लावून घातलेले. मी सळई खुपसली, दाणे काढले, फोडले. दिसायला बरे होते. चावले. जिभेला किंचित गोड लागलं, आणि गिळताना घशाला बारीकशी खरखर झाली. ती खरखर मला अजून आठवते. लाल चिठ्ठी लावली असती तर भट्टी आठवडाभर थंड पडली असती, आणि खरेदीवाल्याने सगळ्यांना बोलावून म्हटलं असतं, बाई, पुन्हा हुंगून सांगा, काय वाईट आहे यात? मी पाणी प्यायले आणि हिरवी चिठ्ठी बांधली.

दुपारी पहिला घाणा होत आला. काका तळहातावर दाणे घेऊन दारात आले. त्या दिवशी भुवई खालीही नव्हती आणि वरही नव्हती. उतरवू का, असं त्यांनी विचारलं नाही.

"बाई, वास जरा निराळा येतोय का हो?" ते म्हणाले.

मला भीती वाटली की मी चिडते, जन्माची खोड आहे. "नव्या देशाचा माल आहे काका, निराळाच येणार. तुमचं नाक आता म्हातारं झालं. उतरवा."

काका हसले, खरंच हसले, आणि परत जाऊन त्यांनी घाणा उतरवला. पुढे त्या मालाचे सगळे घाणे उतरवले, पण निराळ्या वासाचं पुन्हा काही बोलले नाहीत.

तीन आठवड्यांनी बरण्या परत यायला लागल्या. आधी दहा, मग पेट्याच्या पेट्या. खवट, खवट, खवट. स्वस्ताईच्या दिवसांत लोकांनी नाक मुरडून बरणी फेकून दिली असती, पण आता भाव असा होता की कुणी फेकायला तयार नव्हतं. एका बाईने बरणीबरोबर चिठ्ठी पाठवली होती. पूर्वी आम्ही दर आठवड्याला घ्यायचो, आता महिन्यातून एकदा घेतो, मुलं त्या दिवसाची वाट बघतात, असं लिहिलं होतं. शिवी एकही नव्हती. मालकीणबाईंनी ती सगळ्यांना वाचून दाखवली.

त्यासाठी त्यांनी आम्हाला बरण्या भरायच्या खोलीत जमवलं होतं. चिठ्ठी वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. कच्चा माल ठीक होता ना बाई, असं विचारलं, तेही उपचार म्हणून. मी म्हटलं, "हिरवी चिठ्ठी आहे ना." हो म्हणायचंसुद्धा धाडस केलं नाही, बघा. आणि माझ्या चिठ्ठीवर शंका घ्यायचं त्या खोलीत कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. मग चूक चिठ्ठीनंतर झाली, हे सरळच होतं.

काका पुढे आले. टोपी काढून हातात घेतली.

"तो माल भट्टीला लागला त्या दिवशी मी बसलो होतो," ते म्हणाले. "गुडघा धरला होता. पाच मिनिटं पोत्यांवर बसलो. दाणे थंड करायच्या ट्रेमध्ये ढीग तसाच पडून होता, पसरला नव्हता. आतल्या आत तापला असणार."

छत्तीस वर्षांत तो माणूस पहिल्यांदा बसला होता, आणि ते त्याने आपणहून सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं. माल चांगला होता, कारण बाई चांगला म्हणाल्या होत्या. वास निराळा होता तो नव्या देशाचा, कारण बाई तसं म्हणाल्या होत्या. उरली ती फक्त पाच मिनिटं. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. मग मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला, सगळे हलले, आणि मी ते मिटलं.

काकांना काढलं नाही कुणी. खूप केलंत, आता आराम करा, असं गोड बोलून निरोप दिला आणि भट्टीवर घड्याळाने चालणारं नवं यंत्र आणलं. निरोपाला कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून भेट निघाली: घडीची खुर्ची. आता हवं तेवढं बसा, असं म्हणून ती दिली आणि सगळे खदखदून हसले. काकाही हसले. खुर्चीच्या वर्गणीला मीही हातभार लावला होता. पुढे कारखान्यात कुणी जरा टेकलं की दुसरा म्हणायचा, झाली का पाच मिनिटं? मी त्या खोलीत असले की बाहेर निघून जायची.

त्या मालाची एक बरणी मी घरी आणून फळीवर मागे ठेवली होती. दर रविवारी झाकण उघडून हुंगायची. परीक्षा म्हणून. काही यायचं नाही, आणि एका परीने ते बरंच होतं, कारण मी स्वतःची समजूत घातली होती की काकांचंच खरं असेल. तापला असेल ढीग. पाच मिनिटंही पुष्कळ होतात. अशी समजूत घातली की घास गिळायचा, नाही घातली की तो तोंडात फिरायचा.

ताप येऊन गेल्याला सात महिने झाले असतील. एका रविवारी झाकण काढलं आणि वास नाकात शिरला. मला आनंद व्हायला हवा होता. पण तो खवट होता, खणखणीत खवट, जुना, मुरलेला. ढिगात तापलेला दाणा असा लागत नाही, तो करपट लागतो. अकरा वर्षं मी त्याच्याच भाकरीवर जगले, मला कोण सांगणार? तो दाणा आमच्या दारात आला तेव्हाच खवट होता. माझं नाक परत आलं आणि पहिल्याच दिवशी त्याने माझ्याविरुद्ध साक्ष दिली. मी ओट्याशी जमिनीवर बसले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. कोट काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, काकांना परत कुठे बोलावू, भट्टी आता यंत्रावर आहे. चूक काकांची नव्हती असं पत्र मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. माझं काय करायचं ते मीच सांगितलं. झाकणं.

पत्र आणि बरणी घेऊन मी काकांकडे गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. दार काकूंनी उघडलं. दारामागे ती खुर्ची घडी घालून उभी होती, प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. काका बाहेरच्याच खोलीत पलंगाच्या कडेवर बसले होते, खूप वाळले होते. या बाई, म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटलं. त्याने मला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेले. चहा टाकता टाकता त्या हळू आवाजात सांगत होत्या. शेगडीजवळ येत नाहीत हे. दूध तापवायलासुद्धा मला हाक मारतात. माझ्या हाताचं आता काही खरं नाही, म्हणतात. ओळखीच्या एकाने पिशवीभर दाणे आणून दिलेत, दोन महिने झाले, तसेच पडलेत, मला भाजू देत नाहीत आणि स्वतः हात लावत नाहीत.

मी बाहेर आले, पत्र काकांच्या मांडीवर ठेवलं, बरणीचं झाकण काढलं आणि ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि झटक्यात लांब धरली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. उत्तर माझ्याकडून हवं होतं त्यांना.

"तुम्ही सांगा काका."

"खवट आहे," ते चाचरत म्हणाले. "पण माझं नाक आता..."

"कच्चाच खवट होता. पोत्यातच. तुमच्या पाच मिनिटांनी काही झालं नाही. मला वास येत नव्हता काका. तापानंतर सात महिने मला कशाचाच वास आला नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. काका बरणीत बघत होते.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ते म्हणाले.

"हो."

"दारात उभं राहून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नाक म्हातारं झालं."

"हो."

त्यांनी मला शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, याची मी तयारी करून आले होते. मी माफी मागितली, हात जोडून मागितली. पण ते माझं ऐकतच नव्हते. त्यांनी काकूंकडे मान वळवली.

"अगं, मला आला होता वास," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मला तेव्हाच आला होता."

पत्र त्यांच्या मांडीवर तसंच होतं. ते उचलून त्यांनी उशीखाली सरकवलं, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि स्वयंपाकघरात गेले. पातेली सरकल्याचा आवाज आला, मग पिशवी फाडल्याचा. काकू लगबगीने आत गेल्या. मीही दारापर्यंत गेले.

काका कढईसमोर उभे होते. दाणे हलवत होते, मान तिरकी, डोळे मिटलेले. आम्ही दोघी मुकाट्याने उभ्या राहिलो. आधी दबका आवाज, मग जरा मोकळा, मग सुका. मला सगळे वास येत होते आता. कच्च्या दाण्याचा मातकट वास गेला, गोडसर वास सुटला, तो भरून आला. झालं, एवढ्यात उतरवायला हवं, असं माझ्या नाकाने सांगितलं. त्याच क्षणी काकांनी चार दाणे तळहातावर घेतले. सवयीने मी एक पाऊल पुढे झाले. ओठांवर शब्द तयार होता.

काकांनी एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकला, चावला, आणि हात लांब करून शेगडी बंद केली. कढई ताटात पालथी केली. दाणे बोटांनी पसरले, कुठेही ढीग राहू नये असे, आणि हातावरचे तीन काकूंच्या हातावर ठेवले.

काकूंनी नंतर माझ्यापुढेही बशी ठेवली. दाणे उत्तम भाजले होते. मी ते म्हणणार होते, पण मला कुणी विचारलं नव्हतं.